अमेरिकेतल्या बेळगावकरांना खुलं पत्र: ‘देश मोठा आहे’ हे कारण मला पटत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतून अमेरिकेत गेलेल्या माझ्या मुलामुलींनो,

तुमच्यातल्या पुष्कळांना मी दप्तर पाठीला लावून रेल्वेचं गेट उघडायची वाट बघताना पाहिलंय. टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटजवळ आमचं घर. गाडी जायची, गेट उघडायचं आणि सायकलींचा लोंढा शाळेकडे सुटायचा. त्या ओळखीच्या हक्कानं लिहितोय. एकेकाला वेगळं लिहिता आलं असतं, पण एकच वाक्य मी तुमच्या इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की उत्तरही सगळ्यांना मिळून द्यावं असं वाटलं.

गेल्या जानेवारीत तुम्ही सातआठजण सुट्टीवर आलात आणि एका संध्याकाळी आमच्याकडे चहाला जमलात. बोलणं रेल्वेवर आलं. एकजण म्हणाला, “काका, आमच्या तिकडं बुलेट ट्रेन चालायची नाही. देश केवढा मोठा! घरटी दोन मोटारी. स्टेशनवर उतरून पुढं जाणार कशानं?” दुसऱ्यानं त्याला जोड दिली, “इथं तरी कशाला हवी? हायवे सहापदरी होतोय. घरातून निघायचं, थेट दारात उतरायचं.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. दूरवरून आलेल्या माणसांशी वाद घालायचा नाही म्हणून मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं मनाला लागून राहिलंय.

मी रेल्वेत ३४ वर्षं गार्ड होतो. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, मी निवृत्त झालो तेव्हा गार्डच म्हणत. हुबळी, लोंढा, मिरज हा माझा सेक्शन. तेव्हा गाडी कशानं धावते आणि कशानं अडते हे मी ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डाच्या डब्यातून, बघितलेलं आहे. तुमचा देशही मी थोडा बघितला. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला तीन महिने राहिलो.

घर प्रशस्त, परसात संत्र्याचं झाड, लेक आणि जावई दोघंही मायेची. पण सकाळी साडेसातला दोघांच्या दोन मोटारी बाहेर पडल्या की आम्ही संध्याकाळपर्यंत घरात. हिला रोज पिशवी घेऊन आरपीडी क्रॉसपर्यंत चालत जायची सवय. तिथं किराणा दुकान पाच किलोमीटरवर, वाटेत मोठमोठे रस्ते, कुठं फुटपाथ आहे तर कुठं अचानक संपलेला. बस होती, पण तिच्या थांब्यावर सावली नव्हती आणि जुलैत तिथलं ऊन आपल्या एप्रिलहून कडक. पंधरा दिवसांनी ही म्हणाली, “इथं मोटर चालवता आली नाही की माणूस पांगळा, बघा.” शेजारी एक ऐंशीच्या घरातल्या बाई राहत. डोळे अधू झाले म्हणून त्यांनी लायसन्स परत केलं होतं. रविवारी मुलगी यायची, तेव्हा त्या घराबाहेर पडायच्या. बाकीचे सहा दिवस त्यांना कुंपणापाशी उभं राहून आमच्याशी दोन शब्द बोलणं एवढाच बाहेरचा वारा.

घरटी दोन मोटारी आहेत म्हणून रेल्वे नको, हे बोलणं त्या बाईंना धरून नाही. तुमच्या देशात साधारण बारा घरांमागे एका घरात मोटारच नाही. ज्या घरांत आहे तिथंही मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं दुसऱ्यानं नेल्याशिवाय हलू शकत नाहीत. मोटारीवर अवलंबून असलेला देश म्हणतात तो हाच. तुम्ही ते रेल्वेविरुद्धचं कारण म्हणून सांगता. मला ते रेल्वे हवी असण्याचं पहिलं कारण वाटतं.

आता देश मोठा असण्याविषयी. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला कुणी रेल्वेनं घाईनं जावं असं मी म्हणत नाही. साडेचार हजार किलोमीटर अंतर आहे, तिथं विमानच बरं. पण माणूस सगळा देश ओलांडायला रोज निघत नाही. तो एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो, तेव्हा मोजायचं ते त्या दोन शहरांमधलं अंतर. जगभराचा अनुभव असा की दीडशे किलोमीटरच्या आत मोटार सोयीची पडते, आठशे-हजाराच्या पुढे विमान, आणि मधल्या पट्ट्यात वेगवान रेल्वेला तोड नाही.

तीन अंतरं शेजारी ठेवून बघा. बेळगाव ते बेंगळूर रेल्वेनं ६१० किलोमीटर. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस रस्त्यानं साधारण तेवढंच. माद्रिद ते बार्सिलोना वेगवान रेल्वेमार्गानं ६२१. स्पेनमधला माणूस हे अंतर अडीच तासांत कापतो. आमची वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, तिला साडेआठ तास लागतात. आणि तुमच्या कॅलिफोर्नियात, जिथं पैशाची किंवा बुद्धीची वाण कधी नव्हती, तिथं या दोन शहरांना जोडणारी सरळ वेगवान गाडीच नाही. माद्रिद-बार्सिलोना मार्ग २००८ च्या फेब्रुवारीत पूर्ण झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्या मार्गासाठी जवळपास १० अब्ज डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. म्हणजे स्पेनचं काम संपलं आणि कॅलिफोर्नियाचं सुरू होणार, असं ते वर्ष.

स्पेन लहान, दाट वस्तीचा, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच समजत होतो. स्पेनचं क्षेत्रफळ पाच लाख चौरस किलोमीटर, लोक पावणेपाच कोटींच्या वर. कॅलिफोर्नियाचं सव्वाचार लाख, लोक चार कोटींना थोडे कमी. दर चौरस किलोमीटरला माणसं जवळजवळ सारखीच. त्या स्पेनमध्ये आज सुमारे चार हजार किलोमीटर वेगवान रेल्वे आहे. तिथंही घरोघरी मोटारी आहेत, चांगले हमरस्ते आहेत.

तुमच्या देशाला हे कळलं नव्हतं असंही नाही. जपानची शिंकानसेन, म्हणजे पहिली बुलेट ट्रेन, १ ऑक्टोबर १९६४ ला धावली, टोकियो ते ओसाका, ५१५ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, अमेरिकेनं वेगवान रेल्वेच्या संशोधनासाठी कायदा केला. त्याला साठ वर्षं झाली.

बॉस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन या मार्गावर २००० सालापासून असेला ही वेगवान गाडी धावते आहे, हे मला माहीत आहे. ती ताशी २४० किलोमीटरपर्यंत जायची, आता आलेली नवी गाडी २५७ पर्यंत. पण गार्डाला विचाराल तर तो आधी सरासरी विचारील. बाल्टिमोरपाशी या मार्गावर १८७३ सालचा बोगदा आहे. त्यात गाडी ताशी ४८ किलोमीटरवर आणावी लागते. न्यूयॉर्कजवळ नदीखालचे बोगदे १९१० चे. वेग इंजिनात असतो असं लोकांना वाटतं. आम्ही म्हणतो तो रुळात असतो. हुबळी-पुणे वंदे भारत ताशी १६०नं धावू शकेल अशी गाडी आहे, पण ५५८ किलोमीटरला साडेआठ तास घेते, म्हणजे सरासरी ६५. वळणं, घाट, कॉशन ऑर्डर (वेग कमी ठेवायचा लेखी हुकूम), समोरच्या गाडीचं क्रॉसिंग, सगळं तिच्या वाट्याला येतंच. एवढं असूनही न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या दरम्यान विमानापेक्षा रेल्वेनं जास्त माणसं जातात. दीडशे वर्षांच्या बोगद्यातून रांगणारी गाडीसुद्धा मोटारीच्या देशात विमानाला मागे टाकते. ‘आमची माणसं रेल्वेत बसणार नाहीत’ या म्हणण्याला यापेक्षा दुसरं उत्तर मला सुचत नाही.

फ्रेस्नोहून लॉस एंजेलिसला जावंसं वाटलं म्हणून मी जावयाला रेल्वेचं विचारलं. गाडी बेकर्सफील्डपर्यंतच, पुढं बस. मधे तेहाचापीचा घाट आहे. १८७६ साली त्या घाटात रूळ एवढे गोल फिरवले की लांब मालगाडीचं तोंड तिच्याच शेपटीच्या वरून जातं. आपल्या कॅसलरॉकखालच्या घाटात ३७ ला १ चा चढ, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर, तिथं आम्ही मागं बँकर इंजिनं लावून गाड्या वर चढवायचो. म्हणून तो वळसा बघायची मला फार ओढ होती, आणि जावयानं एका शनिवारी मुद्दाम नेलं. मालगाडीमागून मालगाडी जात होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी डोंगर जिंकून ठेवलेला, रूळ शाबूत, आणि त्यावरून रोजची प्रवासी गाडी मात्र एकही नाही. मला तिथं वाईट वाटलं ते कुणाला सांगून कळणार नाही.

फ्रेस्नोच्या दक्षिणेला ९९ नंबरच्या हायवेवरून जाताना नव्या वेगवान रेल्वेमार्गाचा पूल दिसतो, काँक्रीटच्या देखण्या कमानींचा. आम्ही बघितला तेव्हा त्यावर रूळ नव्हते. तुम्ही सगळे त्या पुलाकडे बोट दाखवता. ३३ अब्ज डॉलरात होणार म्हणाले होते, खर्च शंभर अब्जांच्या वर गेला. २०२० ला गाडी धावणार होती, आता मर्सेड ते बेकर्सफील्ड हा २७५ किलोमीटरचा मधला तुकडाच आधी पुरा करतायत. २०२५ मध्ये केंद्रानं चार अब्ज डॉलर काढून घेतले. सगळं खरं आहे. जनतेच्या पैशाची ही उधळण बघून राग येतो, यायलाच हवा. पण राग कशाचा, ते नीट बघू या.

२०१३ मध्ये पहिलं कंत्राट दिलं, तेव्हा लागणाऱ्या जमिनीतली फारच थोडी हातात होती. मधल्या खोऱ्यात दोन हजारांहून जास्त तुकडे घ्यायचे होते. बदामाच्या, द्राक्षाच्या बागा तिरक्या कापल्या जाणार होत्या. हॅनफर्डच्या भागातले शेतकरी कोर्टात गेले. इकडे कंत्राटदाराची माणसं आणि यंत्रं जमिनीची वाट बघत बसून, आणि त्या बसण्याचेही पैसे द्यावे लागत. वर पैसा कधी एकदम आला नाही, तुकड्यातुकड्यानं आला. आधी रूळ कुठून जाणार ते ठरवा, शेतकऱ्याशी बोला, जमीन घ्या, मग यंत्र आणा, हा साधा क्रम उलटा झाला. तुम्ही मात्र त्यातून ‘रेल्वेच चालत नाही’ एवढंच घेतलंत.

हे मी इतक्या पोटतिडकीनं लिहितो, कारण तेच आमच्या दारात घडतं आहे. बेळगाव ते धारवाड रस्त्यानं पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. रेल्वे लोंढ्यावरून वळसा घालून जाते, म्हणजे १२० च्या घरात. कित्तूरवरून थेट ७३ किलोमीटरचा मार्ग मंजूर आहे. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना त्यांनी तो लावून धरला होता. सप्टेंबर २०२० मध्ये ते गेले. मार्ग कागदावर मंजूर, पण देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी पट्ट्यातले शेतकरी म्हणतात, आमच्या पिकत्या भातजमिनीतून नको, पलीकडच्या पडीक जमिनीतून न्या. विकासाच्या आड येतात म्हणून त्यांना नावं ठेवणारे शहरात पुष्कळ भेटतात, मला ते बोलणं आवडत नाही. ज्याच्या दोन एकरांतून रूळ जाणार त्याला पलीकडच्या तुकड्यात बैल न्यायला वाट कुठून, विहीर या बाजूला आणि पीक त्या बाजूला झालं तर काय, हे विचारायचा हक्क आहे.

गाडी जितकी वेगवान तितका मार्ग सरळ लागतो. १९६४ च्या शिंकानसेनलाच अडीच हजार मीटर त्रिज्येची वळणं दिली होती, त्यानंतरच्या मार्गांना त्याहून मोठी लागली. असा मार्ग एका माणसाच्या शेताला वळसा घालून जाऊच शकत नाही. म्हणून वेगवान रेल्वे करायची असेल त्यांनी शेतकऱ्याच्या बांधावर सगळ्यात आधी जायला हवं.

तुमचं दुसरं म्हणणं, स्टेशनवर उतरून पुढं काय. हे मात्र मला मान्य आहे, आणि तुम्ही ते हसण्यावारी नेता याचं वाईट वाटतं. स्पेनमध्येही काही स्टेशनं गावाबाहेर, माळावर बांधली, आणि तिथं चिटपाखरू फिरकत नाही. गावात नेणारी बस नसेल, चालायला वाट नसेल, तर तीनशेच्या वेगानं येऊन माणूस पार्किंगच्या मैदानात उभा राहणार. पण लॉस एंजेलिस मोटारीसाठीच जन्मलं असं समजू नका. तिथं लाल रंगाच्या विजेवरच्या गाड्या होत्या, उपनगरांपर्यंत दीड हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे रूळ होते. शेवटची गाडी १९६१ मध्ये बंद झाली. १९५६ च्या कायद्यानं देशभर ६६ हजार किलोमीटरचे महामार्ग बांधायचे ठरले आणि दर शंभर डॉलरमधले नव्वद केंद्र सरकारनं दिले. हे रस्ते नफ्यात चालतील का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही, आजही विचारत नाही. रेल्वेनं मात्र पहिल्या दिवसापासून हिशेब द्यायचा. मोटारीची सवय लोकांच्या रक्तात नव्हती, ती बांधून काढली गेली. पैसा ओतून जे बांधलं, ते पैसा आणि धीर लावून हळूहळू बदलता येतं.

इथं काय चाललंय तेही सांगतो. बेळगावात आता खडेबाजारातून चालणं कठीण झालंय. पंधरा वर्षांपूर्वी ज्या घरांत एक स्कूटर होती तिथं मोटार आहे, आणि ती उभी करायला जागा नाही म्हणून रस्त्यावर. कोल्हापूरला जायचं तर सगळे हायवे धरतात. बेळगाव-कोल्हापूर रस्त्यानं ११० किलोमीटर, रेल्वेनं मिरजेवरून १८५. निपाणी, संकेश्वर ही एवढी बाजारपेठेची गावं, तिथं रेल्वेचं तोंडही दिसत नाही. बेळगावचं नवं स्टेशन २०२३ मध्ये झालं, दुहेरी मार्गाचं काम झालं, त्याचा मला आनंद आहे. पण आमच्या बाजूची गाडी मिरजेला पोचते आणि पुण्याकडची निघून गेलेली असते. तिथं एका रेल्वे झोनची हद्द संपते, दुसऱ्याची सुरू होते. प्रवाशाला ती हद्द बाकड्यावर बसून मोजावी लागते.

हद्दीचं म्हणाल तर अजून एक गोष्ट, तुम्ही लहानपणी सोसलेली. सीमाप्रश्न तापला की पहिली बंद होते बस. डिसेंबर २०२२ मध्ये झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये परत झालं. तिकडची एसटी कागलला थांबते, इकडची बस निपाणीत. कोगनोळीच्या नाक्यावर बॅगा घेऊन चालत हद्द ओलांडणाऱ्या बायका मी बघितल्यात. ज्याची मोटार आहे तोही नंबरप्लेट बघून घाबरत जातो. त्या दिवसांत कोल्हापूरच्या दवाखान्यात पेशंट असलेला माणूस काय करतो? मिरजेची गाडी धरतो. माझ्या नोकरीत असे दिवस कितीतरी आले. मराठी, कन्नड, सगळे दाटीवाटीनं एका डब्यात, डबा खच्चून भरलेला, आणि त्या गर्दीत कुणी कुणाला भाषा विचारली असं मला आठवत नाही. थेट बेळगाव-निपाणी-कोल्हापूर रेल्वे आम्ही इतकी वर्षं मागतो आहोत ती यासाठी. तिला तीनशेचा वेग नको. ताशी शंभरची, दिवसातून सहा फेऱ्यांची गाडी पुरे.

आणि माणसं मरतात, मुलांनो. तुमच्याकडे वर्षाला ४० हजारांच्या आसपास रस्त्यांवर जातात. आपल्याकडे २०२२ मध्ये १ लाख ६८ हजारांहून जास्त गेली. वंटमुरीच्या घाटात काय काय होतं ते इथला प्रत्येकजण जाणतो. शिंकानसेनमध्ये १९६४ पासून गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही. तिच्या मार्गावर आमच्यासारखं एकही गेट नाही. रुळावरून माणूस उचलायची वेळ माझ्यावर आलेली आहे, त्यामुळे गेट नसलेल्या त्या मार्गाविषयी वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो.

तेव्हा माझं मागणं दोन गोष्टींचं. तुमच्यातले पुष्कळजण आता तिथं मतदार आहात. वेगवान रेल्वेचा प्रश्न समोर येईल तेव्हा देशाचा नकाशा बाजूला ठेवा आणि दोन शहरांमधलं अंतर बघा, स्टेशन कुठं आहे ते बघा, जमीन आधी घेतली का ते विचारा. चुकत असतील तर कान धरा, पण ‘आमच्याकडे चालायचं नाही’ म्हणून उठून जाऊ नका.

दुसरी गोष्ट फ्रेस्नो, बेकर्सफील्डच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी, आणि इंजिनिअरिंगमध्ये असणाऱ्यांसाठी. तिथल्या शेतकऱ्यांना जमिनीचा मोबदला कसा ठरवला, बाग दोन भागांत कापली गेली तेव्हा पलीकडे जायला खालून वाट किती अंतरावर दिली, पाण्याची पाइपलाइन कुणी आणि कुणाच्या खर्चानं हलवली, कोर्टानं काय सांगितलं, हे मला कळवा. इंग्रजीत असलं तरी चालेल, नातू मराठीत करून देईल. देसूरकडची काही मंडळी माझ्या ओळखीची आहेत. मळणी आटोपली की देवळात बसतात. तिथं जाऊन मी त्यांना ते वाचून दाखवणार आहे.

तुमचा,
एक निवृत्त गार्ड
टिळकवाडी, बेळगाव